सोडायची वस्तू

मंगळवारी सकाळी सहा वाजता राजम आत्यानं पुढं केलेला कॉफीचा पितळी पेला कृष्णवेणीनं तंजावूरची माणसं धरतात तसाच धरला, म्हणजे अंगठा आणि मधलं बोट वर काठाला, आणि करंगळी खाली बुडाशी टेकू म्हणून. असा टेकू क्षणभरच टिकतो. चटका बसला की माणूस करंगळी काढतो, पुन्हा लावतो, पुन्हा काढतो, आणि त्या लावण्या-काढण्यावरून कॉफी कितपत कढत आहे ते समोरच्याला कळतं. आत्याला तर त्यावरून पिणाऱ्याचा स्वभावही कळतो: पटकन काढतो तो बायकोला भितो, उशिरा काढतो त्याची बायको त्याला भिते. कृष्णवेणीनं करंगळी काढलीच नाही. एक घोट झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला आत्या पुढं वाकली आणि शेजारणीच्या चुलीवरचं दूध उतू चाललंय असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "बोट भाजतंय की गे तुझं."

कृष्णवेणीनं खाली पाहिलं. करंगळीचं पेर लालभडक झालं होतं, आणि ते तिचं नव्हतं. कुणीतरी आपलं बोट तिच्या पेल्याखाली विसरून गेलं होतं. तिनं पेला डाव्या हातात घेतला, डावी करंगळी बुडाशी नेली आणि ती तत्क्षणी मागं आली. म्हणजे कॉफी तापलेलीच होती, पितळ पितळासारखंच वागत होतं, फितूर झालं होतं ते एवढंच, उजव्या हाताचं सगळ्यांत धाकटं बोट. रोगाचं नाव तिला लगेच आठवलं. पुस्तकातलं पानही आठवलं, उजवीकडचं, खाली हाताचं चित्र असलेलं. तळहाताच्या कडेनं जाणारी नस, तासन् तास हँडलवर दाबली गेलेली. पण नाव ठाऊक असण्याचा फायदा रोग्यांना होतो. डॉक्टरला, आणि कृष्णवेणी डोळ्यांची डॉक्टर होती, नुसता हिशेब सुचतो. कारण छत्तीस तासांपूर्वी सायकलवरून उतरताना बोट बधिर होतं ते तिला माहीत होतं. लांबच्या सायकल-फेरीनंतर तसं नेहमीच होतं. सोमवारी संध्याकाळपर्यंत परत येतं, शाळेतून उशिरा घरी आलेल्या पोरासारखं, काही न सांगता. म्हणूनच तिनं स्वतःशी नियम करून ठेवला होता की फेरीच्या दुसऱ्या दिवशी सुरीला हात लावायचा नाही, नुसते रोगी तपासायचे. सात वर्षं नियम पाळला होता. या खेपेला नियम पाळून झाला आणि बोट आलं नाही.

शनिवारी पहाटे तिरुच्चीहून निघून रविवारी संध्याकाळी तिरुच्चीलाच परत, सहाशे किलोमीटर, चाळीस तासांच्या आत. तिला अडतीस लागले. ठिकठिकाणचे शिक्के मारलेलं पिवळं कार्ड अजून तिच्या पर्समध्ये होतं. तिनं ते काढलं, उजव्या हाताच्या करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात धरलं आणि नवऱ्याला, अनिरुद्धरावांना, म्हणाली, "ओढा." अनिरुद्धराव इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. कोणती तुळई कधी मोडेल ते सांगणं हा त्यांचा विषय, आणि घरात काहीही मोडलं की गप्प बसणं हा त्यांचा स्वभाव. त्यांनी चष्मा लावून कार्ड ओढलं. ते लोण्यातून सुरी निघावी तसं निघून आलं. त्यांनी ते परत तिच्या बोटांत ठेवलं, पुन्हा ओढलं, पुन्हा निघालं. "पकडलंयस का?" त्यांनी विचारलं. "सगळ्या ताकदीनं," ती म्हणाली. मग त्यांनी ते नीट पुसून टेबलावर ठेवलं, आणि त्या पुसण्यात जेवढी माया होती तेवढी त्यांना शब्दांत आयुष्यात जमली नसती.

"काशीला जाऊन सोडतात तसं सोड आतां," आत्या म्हणाली. "देवानं सांगून झालं. अस्की माणसं, सगळीच, काही ना काही सोडतात. तुज काय कमी आहे? डॉक्टरीण आहेस. सैकल कशास पाहिजे गे?"

काशी. कृष्णवेणीला हसू आलं नाही, पण यायला हवं होतं. तिच्या घराण्यात काशीला जाऊन आलेल्यांची, आणि त्यांनी तिथं गंगेला काय वाहिलं याची, तिनं लहानपणापासून मनात नोंद ठेवली होती. थोरल्या काकांनी कारलं सोडलं. कारलं त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. काकूनं पडवळ सोडलं. मद्रासच्या मामांनी मोठ्या उदारपणे सीताफळ सोडलं, त्यांना तेव्हा मधुमेह होऊन चार वर्षं झाली होती. आवडती वस्तू सोडायची असा शास्त्रार्थ. पण गंगेच्या तळाशी तंजावूरकरांनी वाहिलेल्या नावडत्या भाज्यांचा ढीग पडलेला असणार, असं ती दहाव्या वर्षी म्हणाली होती आणि थप्पड खाल्ली होती. खरी आवडती वस्तू सोडलेली एकच बाई तिच्या माहितीत होती आणि ती समोर बसून डबऱ्यात, पेल्याखालच्या वाटीत, उरलेली कॉफी पेल्यात ओतत होती. राजम आत्यानं फणस सोडला होता. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा, अडतिसाव्या वर्षी. आठ महिन्यांत नवरा गेला, फणस मात्र परत आला नाही. त्याला आता अडतीस वर्षं झाली, म्हणजे आत्याचं अर्धं आयुष्य फणसासकट गेलं आणि अर्धं त्याच्याशिवाय. तिच्यादेखत कुणी गरे खात नसे. घरात फणस येतच नसे.

हॉस्पिटलला ती अनिरुद्धरावांच्या स्कूटरवर मागं बसून गेली. रोज हे दोन किलोमीटर ती सायकलनं जायची. मेल वीदीवरची दुकानं, राजवाड्याकडे वळणारा बोळ, तिथला फुलवाला, सगळे तिला सायकलवरच्या उंचीवरून ओळखत. मागच्या सीटवर बसल्यावर ती एकदम कुणाचीतरी बायको झाली. वडवारूच्या पुलावर स्कूटर जरा थांबली. मेट्टूर धरणाचं पाणी येऊन आठवडा झाला होता, नदी गढूळ आणि भरलेली होती, आणि पाणी पाहिल्याबरोबर तिच्या पोटऱ्यांना कालव्याच्या बांधावरचा तो एकसुरी, मऊ रस्ता आठवला. पोटऱ्यांना लाज नसते. बोट मेलेलं, दुपारी एका म्हाताऱ्या माणसाच्या उरलेल्या एकुलत्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा, आणि पोटऱ्या विचारत होत्या, पुन्हा कधी?

तो म्हातारा माणूस म्हणजे सांबशिव सर. त्यांचा डावा डोळा नवव्या वर्षी विटी लागून गेला. उजव्यानं त्यांनी चौतीस वर्षं भूमिती शिकवली आणि त्याच एका डोळ्याच्या भरवशावर ओरत्तनाडूहून तंजावूरला रोज सायकल मारली, जायला बावीस किलोमीटर, यायला बावीस. कृष्णवेणी चौदा वर्षांची असताना एकदा त्यांच्या मागोमाग निघाली होती, वडिलांच्या दांडीच्या सायकलवर, परकर कमरेला खोचून. शाळा सुटल्यावरची उन्हं, दोन्ही बाजूंना पोपटी भात, आणि पुढं सरांची पाठ, घामानं सदरा चिकटलेली, एकदाही मागं न वळणारी. सहाव्या मैलावर साखळीनं तिचा परकर खाल्ला. सर तेव्हा थांबले. त्यांनी साखळी उलटी फिरवून परकर सोडवला, काळे झालेले हात रस्त्याकडच्या गवताला पुसले आणि म्हणाले, "घरी काय सांगशील?" ती म्हणाली, "पडले म्हणून." ते म्हणाले, "पडली नाहीस. खोटं कशास सांगतेस? सहा मैल आलीस म्हणून सांग." तिनं तसं सांगितलं आणि मार खाल्ला, पण तो मार तिला सहा मैलांचा शिक्का वाटला होता. पुढं वैद्यकी, लग्न, लेक, लेकीची शाळा, अकरा हजारांवर डोळे. सायकल एकोणचाळिसाव्या वर्षी परत आली. कुणी विचारलं की ती व्यायामासाठी म्हणायची. ते खोटं होतं. व्यायामासाठी कुणी तीनशेव्या किलोमीटरवर भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसून, रडावं की दही-भात खावा याचा विचार करत नाही.

आणि शस्त्रक्रिया करताना तिची करंगळी काय करते ते सरांना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. माणूस जागा असतो, डोळा तेवढा बधिर. सुई, सुरी, सगळं अंगठा आणि दोन बोटं करतात, सहा मिलिमीटरच्या बाहुलीत. करंगळी नुसती कपाळावर टेकलेली असते, भुवईच्या जरा वर. लोकांना वाटतं ती विश्रांती घेते. ती ऐकत असते. भ्यालेला माणूस डोळा हलवण्याआधी अर्धा क्षण भुवई हलवतो, बातमी कपाळातून करंगळीला कळते, करंगळी बाकीच्या हाताला सांगते, सुरी थांबते, कृष्णवेणी म्हणते, "काही नाही, अप्पा, श्वास घ्या." लोक म्हणतात, डॉक्टरीणबाईंना मनातलं कळतं. मनातलं कसलं, कपाळातलं. तोच कान आता मेला होता.

मोठे डॉक्टर, सूर्यनारायण, त्यांच्या खोलीत होते. हॉस्पिटल त्यांचं. खोलीत भिंतीवर काचेच्या पेटीत टेनिसची रॅकेट लावलेली आहे. ती त्यांनी तिशीत सोडली, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मनगट जपायचं म्हणून, आणि ती गोष्ट ते प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगतात. कृष्णवेणीनं ती चौदा वेळा ऐकली होती. नवव्या खेपेपासून तिच्या मनात यायला लागलं होतं की जे सोडून माणूस खरोखर सुखी होतो ते तो असं काचेत लावून ठेवत नाही. तिनं सरळ सांगितलं, उजव्या हाताची नस दाबली गेली आहे, सहा आठवडे, कदाचित तीन महिने, मी शस्त्रक्रियेच्या टेबलाशी बसणार नाही, आजची यादी माझ्या हाताखालच्या डॉक्टर सतीशकुमारला द्या. मोठ्या डॉक्टरांनी तिचा हात हातात घेऊन बोटं फाकवून पाहिली, त्यांचा स्पर्श अजून फार चांगला होता, आणि मग त्यांनी रॅकेटकडे पाहिलं. पंधरावी खेप.

"जानेवारीपासून शस्त्रक्रियेचा सगळा विभाग तुझ्याकडे द्यायचं मी मनात धरलंय," ते शेवटी म्हणाले. "तुज लेकीसारखी मानतो म्हणून सांगतो. आज सगळ्यांना जमवतो. एकच वाक्य म्हण, सैकल संपली. बोट येईपर्यंत थांबायला मी तयार आहे."

"सतीशचा घोटा मोडला होता, सर, मागच्या वर्षी. शटल-बॅडमिंटन खेळताना."

"मग?"

"तेव्हा आपण सगळे सफरचंदं घेऊन गेलो होतो. वाक्य कुणी मागितलं नाही."

"घोट्यानं डोळा कापत नाहीत, वेणी."

हे खरं होतं. तिला ते लागलं, कारण वाटभर ती हेच स्वतःला सांगत आली होती. आपल्याला काय सिद्ध करायचंय? दोन्ही हातांत दोन लाडू धरून दाराच्या कडीला हात कसा घालणार? आणि बोट परत आलंच नाही तर? एक नस, सुतळीएवढी, आणि तिच्यासाठी अकरा हजार डोळ्यांची शिकलेली विद्या पणाला लावली, कशासाठी, तर पिवळ्या कार्डावरच्या शिक्क्यांसाठी. पण हा प्रश्न असा उभा राहिला की तिला दरवेळी त्यात काहीतरी खोट दिसायची. लोक समजत होते की तिच्यात एक शहाणी बाई आहे आणि एक हट्टी मुलगी, आणि शहाणीनं हट्टीला खोलीत कोंडून कडी लावायची. तिला ठाऊक होतं की तसं नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी बसल्यावर जी बाई बाकी सगळं जग विसरून एका बाहुलीएवढ्या जागेत शांत राहते, ती तिथं तयार झालेली नव्हती. ती साडेतीनशेव्या किलोमीटरवर तयार झाली होती, जिथं पुढचं झाड एवढंच जग असतं. हट्टीला कोंडलं तर शहाणी कुणाच्या जिवावर बसणार?

"बोट आलं नाही तर?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज खरोखर काळजीचा होता.

"तर शस्त्रक्रिया सोडेन," ती म्हणाली. बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच धक्का बसला. "ती करंगळीशिवाय होत नाही. सायकल होते."

त्यांनी आजची यादी पुढं ओढून तिच्यावर सतीशकुमारचं नाव लिहिलं. मग ते म्हणाले, "जानेवारीचं मग बघू." म्हणजे काय ते दोघांनाही कळलं.

सांबशिव सर बाहेर बाकावर बसले होते, उजव्या डोळ्यात थेंब घातलेले, बाहुली मोठी झालेली, त्यामुळे उजेडाकडे तोंड करून बसलेल्या घुबडासारखे. बोलणं त्यांच्याशीच अवघड होतं. त्यांना तिनं हाताची सगळी गोष्ट सांगितली, काही न वगळता. सुरी सतीशकुमार धरणार, तो चांगला आहे, त्याला मीच शिकवलंय. सरांनी ऐकून घेतलं. चौतीस वर्षं चुकीचं उत्तर ऐकून घेतल्याचा सराव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"तू करणार म्हणून मी आलो," ते म्हणाले. "दोन वर्षं थांबलो मी. लेक म्हणत होती चेन्नईला जाऊं. मी म्हटलं, आमची पोर आहे."

"हो, सर."

"तुझी सैकल माझ्या डोळ्याहून मोठी कां गे?"

बाकावरच्या आणखी तिघांनी माना वळवल्या. तिला वाटलं, परकर पुन्हा साखळीत गेला. सोडून दिलं म्हणावं, एक वाक्य, म्हातारा सुखावेल, मोठे डॉक्टर सुखावतील, आत्या गंगेला नमस्कार करील. सगळे किती तयार होते तिला क्षमा करायला.

"नाही, सर," ती म्हणाली. "म्हणून तर सुरी देऊन टाकली."

"आणि सैकल?"

"ती देणार नाही."

सरांनी तोंड फिरवलं. फिरवलेल्या बाजूला त्यांचा गेलेला डोळा आला, पांढुरका, आणि तो तिच्याकडे बघत राहिला. मग ते भिंतीला म्हणाले, "तू जवळ असशील की नाही?"

ती जवळ होती. सतीशकुमार सरांच्या डोक्याशी बसला, ती बाजूला उभी राहिली, आणि हिरव्या कापडावरून तिनं आपली डावी करंगळी सरांच्या कपाळावर टेकवली. डाव्या हातानं तिनं कधी ऐकलं नव्हतं. आधी नुसतं कापड लागलं. मग कापडाखालचं हाड, मग हाडावरची कातडी, मग कातडीखाली काहीतरी बारीक, कालव्याचं दार उघडण्याआधी लोखंडी पत्रा थरथरतो तसं. "थांब," ती म्हणाली. सतीशचा हात थांबला. भुवई हलली, डोळा हलला, गेला क्षण. "सर, सहा मैल झाले," ती कापडाजवळ तोंड नेऊन म्हणाली. "मागं बघू नका." कापडाखालून हसल्यासारखा काहीतरी आवाज आला. पुढच्या बारा मिनिटांत ती दोनदा "थांब" म्हणाली, आणि दोन्ही वेळा सतीशनं का म्हणून विचारलं नाही. अकरा हजार डोळ्यांत जे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्याला शिकवायला सहा आठवडे मिळाले आहेत, हे तिला तिथं उभं राहूनच सुचलं, आणि तिला उगीचच भूक लागली.

बाहेर आणल्यावर सरांच्या डोळ्यावर पांढरी जाळी होती. त्यांनी तिचं नाव घेतलं नाही, तिला शाबासकी दिली नाही, राग गेला असंही दाखवलं नाही. "उद्या पट्टी तू काढायची," एवढंच म्हणाले. "त्यास तरी बोट पुरतं की नाही?"

"पुरतं, सर."

संध्याकाळी पाचला ती घरी आली तेव्हा सायकल व्हरांड्यात जिथं होती तिथंच होती. अनिरुद्धराव सायकलीशेजारी जमिनीवर बसले होते, मोजपट्टी आणि वहीतलं फाडलेलं पान घेऊन, आणि पानावर त्यांनी हँडलचा, मनगटाचा आणि भाराचा आराखडा काढला होता. हँडल सव्वादोन इंच वर हवं, एवढंच त्यांनी सांगितलं, मान वर न करता. ती आत गेली. हँडलची छोटी पिशवी तिला परत सायकलला लावायची होती. रविवारी रात्री आल्यावर ती न्हाणीघरात टाकली होती, आत्या सोमवारी सगळं धुवून वाळत घालते. मोजे दोरीवर होते, जर्सी दोरीवर होती. पिशवी नव्हती. पिशवी आत्याच्या खोलीत होती, खिडकीच्या खिळ्याला टांगलेली, धुळीसकट, न धुतलेली.

कृष्णवेणीला उमगायला क्षण लागला. मग तिनं पिशवीला नाक लावलं. शनिवारी दुपारी पणरुट्टीजवळ, रस्त्याच्या दोन्ही कडांना फणसांचे ढीग होते, आणि ती एका टपरीवर पाणी प्यायला थांबली होती. पिशवी काढून तिनं तिथल्या फळीवर ठेवली, जिथं टपरीवाली बाई गरे काढत होती. बाईनं पान भरून पुढं केलं. कृष्णवेणीनं चार खाल्ले आणि घरी न्यायचे नाहीत या जुन्या सवयीनं पुढं निघाली. रस मात्र पिशवीला लागला होता, आणि त्याचा वास अजून येत होता.

आत्या खाटेवर बसून वाती वळत होती. तिनं पाहिलं की हिनं पाहिलं.

"मग?" आत्या म्हणाली. "सोडलीस?"

"नाही."

"मोठे डॉक्टर काय म्हणाले?"

"जानेवारीचं बघू म्हणाले."

"म्हणजे गेलं."

"गेलं बहुतेक."

"आणि बोट?"

"माहीत नाही, आत्या. येईल. सहसा येतं."

आत्यानं एक वात वळून संपवली, दुसरी घेतली, ती नुसती हातात धरून ठेवली. "मी सोडला तेव्हां," ती वातीला म्हणाली, "गुरुजी म्हणाले, आवडती वस्तू सांगा. सासूबाई हळूच म्हणाल्या, कारलं म्हण. मी म्हटलं, खोटं कशास म्हणूं, यांचा जीव पाहिजे मज, खरंच देतें. दिला. कारलं म्हटलं असतं तरी ते गेलेच असते." तिनं हातातली वात वळायला घेतली. "सकाळी मी तुज उगीच बोललें."

बाहेर अनिरुद्धरावांचा पाना घसरून फरशीवर पडला. कृष्णवेणी खाटेच्या कडेला बसली. उजवी करंगळी तिनं आत्याच्या गुडघ्यावर टेकवली. गुडघा तिला लागला नाही, पण तो तिथं होता.

"पणरुट्टीचे गरे अजून पंधरा दिवस मिळतील," ती म्हणाली. "अनिरुद्धना सांगते. बसनं जाऊन आणतील."

"नको," आत्या म्हणाली. तिनं उठून खिळ्यावरची पिशवी काढली, झटकली नाही, तशीच कृष्णवेणीच्या मांडीवर ठेवली. "बसनं आणलेला मज नको. पुढल्या आषाढांत आण. मी आहे तोवर. सैकलीवरनं आण."